सत्ताविसाव्या पिंजऱ्याची कैफियत

संध्याकाळी पाचच्या सुमारास लसूणघासाचा भारा व्हरांड्यात टेकला, म्हणजे दाराची कडी निघण्याचीही वाट न पाहता, नुसत्या पानांच्या सळसळीवरून, आमच्या जनावरखान्यातले दोनशेच्या वर गिनीपिग एकदम शीळ घालू लागत. आणि ती शीळ अशी काही तीक्ष्ण, आर्जवी आणि एकमुखी असे, की नव्याने रुजू झालेल्या इसमास आपल्या हातून काही अपराध घडला की काय अशी शंका यावी. १९६२ सालच्या आषाढातल्या एका मंगळवारी हा कोलाहल रोजच्यासारखा उठला आणि रोजच्यासारखा शमलाही, परंतु भारा सोडता सोडता आमचे जमादार मध्येच थांबले, रांगेच्या टोकाकडे मान वळवून त्यांनी क्षणभर कानोसा घेतला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, सत्तावीस बोलली नाही."

दोनशे आवाजांत एक आवाज उणा आहे हे ज्याला उमगते त्या कानाचे मला त्या वेळी केवळ नवल वाटले. त्याची किंमत समजायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. गिनीपिग हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा प्राणी. माणसाने त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळविले तेही त्याच्या मांसासाठी, आणि त्याआधी रानात तो इतरांचे भक्ष्यच होता. भक्ष्याच्या जातीला आजार लपविण्याची विद्या जन्मतःच अवगत असते. कळपातून जो मागे रेंगाळतो त्याच्यावरच पहिली झडप पडत असल्यामुळे अंगात त्राण आहे तोवर तो धडधाकटपणाचे सोंग वठवीत राहतो, आणि आपल्याला तो आजारी दिसू लागतो तेव्हा बहुधा दुखण्याचे पहिले एकदोन दिवस सरून गेलेले असतात. म्हणूनच चाऱ्याची चाहूल लागूनही एखाद्याने शीळ न घालणे हा पुष्कळदा पहिला, आणि दुर्दैवाने कधीकधी वेळेवर हाती लागणारा एकमेव पुरावा असतो.

मी आदल्या वर्षी, बाविसाव्या वर्षी, प्राणिशास्त्राची पदवी खिशात घालून मुंबईतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत सहायक म्हणून चिकटलो होतो. तिथे गिनीपिग कशासाठी पाळीत हे सांगायला हवे, कारण त्यावाचून पुढच्या रात्रीतली विसंगती ध्यानात यायची नाही. रॉबर्ट कॉखने १८८२ साली क्षयाचे जंतू जगापुढे मांडले ते गिनीपिगांवरील प्रयोगांच्या आधारावर, आणि त्यानंतर कित्येक दशके संशयित रोग्याचा कफ गिनीपिगाला टोचून काही आठवडे वाट पाहणे ही क्षयनिदानाची खात्रीची रीत होऊन बसली. घटसर्पाच्या विषाचे आणि त्यावरील प्रतिविषाचे माप याच प्राण्याच्या जगण्यामरण्यावरून ठरे. आणि उपदंशाच्या रक्तपरीक्षेला लागणारे एक द्रव्य त्याच्याच रक्तातून काढीत. थोडक्यात, आमच्याकडे जन्मलेले प्रत्येक पिल्लू कोणत्या ना कोणत्या नोंदवहीत आधीच जमा होते. मी पाहत असे तो विभाग पैदाशीचा. सत्ताविसाव्या पिंजऱ्यात तीन माद्या आणि एक नर होता, आणि जमादारांनी जिच्याविषयी ते उद्गार काढले ती तांबूस-पांढरी मादी गाभण असून दिवस भरत आली होती.

आजारी जनावराविषयीचा आमचा नियम संक्षिप्त होता: ते त्याच दिवशी 'निकालात काढावे'. दोनशे प्राणी एका छपराखाली राहतात तिथे एकावर दया म्हणजे इतरांवर अन्याय, असे त्याचे समर्थन होते, आणि ते खोटे नव्हते. परंतु गेल्या तीन आठवड्यांत त्याच रांगेतले सहा प्राणी रात्रीत मरून सकाळी आढळले होते, आणि पावसाळ्यातल्या मुंबईच्या दमट उबाऱ्यात सकाळपर्यंत त्यांची आतडी-फुप्फुसे अशा अवस्थेला पोचलेली असत, की शवविच्छेदनातून काहीच निष्पन्न होईना. तेव्हा साहेबांनी बाहेरच्या एका पशुवैद्यांना पत्र घातले, त्यांनी "मेलेले नको, आजारी दाखवा" असे उलट कळविले, आणि आमच्या दफ्तरातून हुकूम सुटला, की यापुढे आजारी आढळणारे जनावर निकालात न काढता जिवंत स्थितीत तज्ज्ञांसमोर हजर करावे. 'हजर करावे' हा शब्दप्रयोग मला चांगला आठवतो. जणू ते आरोपी होते. पशुवैद्य दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला भेटणार होते. म्हणजे जिला पुढेमागे मरण्यासाठीच पोसले होते तिला सोळा तास जगविणे ही आता सरकारी कामगिरी झाली, आणि ती माझ्याकडे आली.

ती पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात बसली होती. केस उभे राहिल्यामुळे फुगल्यासारखी दिसत होती. डोळे अर्धे मिटलेले, मान किंचित पुढे ताणलेली, आणि प्रत्येक श्वासागणिक बरगड्यांमागची कूस आत ओढली जात होती. मी तिला उचलायला हात घातला तेव्हा जमादारांनी तो सरळ मागे घेतला. "आधी मोजा, मग धरा," ते म्हणाले. धरले की भीतीने श्वास वाढतो आणि मग मोजलेले सगळे खोटे ठरते. मी घड्याळ काढून पंधरा सेकंद तिच्या कुशीची हालचाल मोजली आणि तिला चाराने गुणिले: १२८. निरोगी गिनीपिग मिनिटाला सुमारे ४० ते १०० श्वास घेतो. तो आकडा मी एका कागदावर टिपला, समोर वेळ घातली, आणि तिथून त्या रात्रीच्या कैफियतीला प्रारंभ झाला.

या प्राण्याच्या श्वासाची एक गोष्ट पुस्तकात वाचून कळते, परंतु पटते ती पाहूनच. तो जवळजवळ सर्वस्वी नाकानेच श्वास घेतो. माणसाचे नाक चोंदले तर तो तोंड उघडून वेळ मारून नेतो, पण गिनीपिगाला ती मुभा नाही. त्याच्या नाकपुड्यांवर धरलेली तांदळाएवढी खपली म्हणजे आपल्या नाकातोंडावर दाबलेला हात. उलट, ज्या वेळी तो खरोखरच तोंड उघडून श्वास ओढू लागतो आणि ओठ-हिरड्यांवर निळसर छटा येते, त्या वेळी सकाळची वाट पाहण्याचा प्रश्नच उरत नाही. मिळेल त्या वाहनाने मिळेल त्या वैद्याकडे धावावे लागते. सत्तावीसचे तोंड मिटलेले होते आणि हिरड्या फिकट असल्या तरी गुलाबी होत्या. कोमट मिठाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापसाने मी तिच्या नाकपुड्यांवरची खपली, न ओढता, भिजवून भिजवून सुटी केली. त्याला दहा मिनिटे लागली. त्यानंतर केलेल्या मोजणीत आकडा फक्त चाराने उतरला, परंतु श्वासाबरोबर येणारा बारीक शिट्टीसारखा आवाज गेला आणि खाली खोलवरची घरघर तेवढी उरली. त्यावरून एक आवाज नाकाचा होता आणि दुसरा छातीचा आहे, एवढे निवडता आले.

मग उपायांची रीघ लागली. बातमी फुटायला सरकारी इमारतीत वेळ लागत नाही. एका शिपायाने आपल्या मुलांना चोळण्याचे सर्दीचे मलम आणले. रात्रपाळीच्या रखवालदाराने ब्रँडीचे दोन थेंब सुचविले आणि ती कोठून मिळेल हेही सुचविले, जे त्या काळच्या मुंबईतल्या दारूबंदीचा विचार करता मोठेच आत्मीयतेचे लक्षण होते. आणि दवाखान्याचे कंपाउंडर तर सद्भावनेने भारून पेनिसिलिनची कुपी आणि सुई घेऊनच आले. मलमाची उग्र वाफ त्या चिमुकल्या नाकाला दाह करते आणि जनावर ते मलम चाटून पोटात घालते. ब्रँडीविषयी बोलायला नको. परंतु पेनिसिलिन? ज्या औषधाने त्या वीस वर्षांत न्युमोनियाची दहशत मोडून काढली, ते या प्राण्याच्या न्युमोनियाला का देऊ नये हे मला मुळीच कळेना, आणि मी बहुधा होकार दिला असता. जमादार, ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते, दारात आडवे उभे राहिले. "ह्या जातीला ती सुई लागत नाही. मागं चार दिली, चारही गेली," एवढेच ते बोलले.

पुढे ग्रंथालयात मी त्याची खातरजमा करून घेतली. पेनिसिलिन गिनीपिगांना घातक ठरते हे १९४३ सालीच नमूद झाले होते. त्याच्या आतड्यांत चारा पचविणारे जे उपयुक्त जंतू असतात त्यांना ते नाहीसे करते, त्यांच्या जागी विषारी जंतू माजतात, आणि सुई दिल्यावर थोड्याच दिवसांत जनावर फुप्फुसाने नव्हे तर पोटाने दगावते. ऑक्सफर्डमध्ये २५ मे १९४० रोजी या औषधाची जी पहिली निर्णायक कसोटी झाली ती आठ उंदरांवर. तिथे उंदरांऐवजी गिनीपिग असते, तर ते औषध विष म्हणून बाजूला पडण्याचा संभव होता. ज्याचे नावच प्रयोगाला समानार्थी होऊन बसले आहे, त्या प्राण्याला त्या एका प्रयोगातून वगळल्यामुळे जगाचे एवढे कल्याण व्हावे ही गंमत मला अजूनही वारंवार आठवते.

औषध द्यायचे नाही हे ठरल्यावर करण्यासारखे काय उरले? पुष्कळच उरले, पण त्यातले बहुतेक काम हात आवरण्याचे होते. तिला भुश्शावरून काढून, धूळ उडू नये म्हणून जुन्या धुतलेल्या धोतराच्या घड्यांवर ठेवले. अंगाखाली एक गुंडाळी अशी सरकविली, की पुढचा भाग किंचित उंच राहील आणि गाभण पोटाचा भार छातीवर येणार नाही. उताणी तिला एकदाही केली नाही, छातीला कोणी दाबले नाही. उचलायची वेळ आलीच तर एक तळवा पुढच्या पायांखाली आणि दुसरा मागच्या अंगाखाली, पुऱ्या वजनानिशी. वाऱ्याचा झोत अंगावर नको पण हवा मात्र खेळती हवी, ऊब नको आणि गारठाही नको, उजेड मंद, आणि लपायला एक पुठ्ठ्याचे खोके, ज्याच्या दोन्ही बाजूंना दारे आहेत; कारण लपता न येणे हेच या जातीचे निम्मे दुखणे असते. विलगीकरणाची खोली जनावरखान्याच्या मागे होती. तिला तिथे नेताना जमादारांनी एक गोष्ट अशी केली की मी हरकत घेतली: तिच्याच पिंजऱ्यातली दुसरी मादी त्यांनी बरोबर घेतली आणि मधे जाळी घालून दोघींना शेजारी ठेवले. "लागण?" मी म्हणालो. "लागायची ती कधीच लागली असेल. पण एकटी ही खाणार नाही."

आणि खाणे हाच त्या रात्रीचा खरा पेच होता. गिनीपिगाचे आतडे म्हणजे सतत चालणारी गिरणी. ती बारा-चौदा तास बंद राहिली, की मूळ दुखणे बाजूला राहून हे नवे दुखणेच जीव घेते. म्हणून खाऊ घालायचे. पण धापा टाकणाऱ्या जनावराच्या तोंडात बळेच काही ओतले तर ते फुप्फुसात उतरते, म्हणून खाऊ घालायचे नाही. या दोहोंच्या मधली वाट अंगुळभर रुंदीची होती. भिजवलेल्या कोंड्याची आणि भरडलेल्या हरभऱ्याची पातळ पेज मी बोटावर घेऊन तिच्या ओठांशी धरीत असे. चाटली तर चाटली. पाणी थेंबाथेंबाने, ड्रॉपरने, पुढच्या दातांच्या मागून गालाच्या बाजूला, ती बसलेली असताना, आणि प्रत्येक थेंबानंतर गिळल्याची हालचाल दिसेपर्यंत थांबून. तासाभरात एक चमचा. कोणत्याही रुग्णसेवेत असते तशी इथेही घाई करणारा दयाळू माणूस हाच मोठा धोका, आणि तो दयाळू माणूस मीच होतो.

पेजेत जमादारांनी जीवनसत्त्व 'क'ची एक गोळी चुरून घातली. त्याला कारण होते. माणूस, माकड आणि गिनीपिग हे त्या थोड्या प्राण्यांपैकी आहेत, ज्यांना हे सत्त्व स्वतःच्या देहात बनविता येत नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश यांना निराळ्याच रोगाचा शोध घेत असता केवळ धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगांमध्ये स्कर्व्ही आढळला, आणि शेकडो वर्षे खलाशांना छळणारा तो रोग प्रथमच प्रयोगशाळेच्या टेबलावर आला. ज्या सत्त्वाच्या अभावी हिरड्या सुजतात आणि सांधे दुखतात, त्याच्याच अभावी रोगाशी झुंजण्याची ताकदही खचते. आमच्याकडे पावसाच्या त्या आठवड्यांत मक्तेदाराचा लसूणघास भिजून, कुजून येत होता; तो परत पाठवावा तर दुसरा मिळेना, आणि ठेवून घ्यावा तर घालवेना; तेव्हा प्राणी बरेचसे कोंडा आणि कोरड्या हरभऱ्यावर काढीत होते. मंगळवारच्या भाऱ्यातही निम्मा काळाच होता. हरभऱ्याला मोड आणले तर त्यात हे सत्त्व उत्पन्न होते, ही गोष्ट पहिल्या महायुद्धाच्या काळात गिनीपिगांवरच पडताळली गेली. आणि आपल्या आया श्रावणात मटकी-मुगाला मोड आणतात ते हा निष्कर्ष वाचून नव्हे. जमादारांनी मागेच सुचविले होते, की हरभरे मोड आणून घालू. परंतु त्यासाठी जादा टोपल्या आणि एक जादा माणूस लागला असता, आणि त्याची तजवीज नसल्याचा शेरा मीच मारला होता. त्या रात्री तो शेरा मला पाठ होता.

अकरा वाजता श्वास १३६. बाराच्या आत लेंड्या सात, लहान आणि कोरड्या. तोंडाला गोडसर, कुजक्या फळासारखा वास येत नाही. हे मी मुद्दाम टिपले, कारण गाभणपणाच्या अखेरीस होणाऱ्या एका विषबाधेतही अशीच धाप लागते आणि तिचा वास तसा येतो, असे पुस्तकात होते. गेल्या शनिवारचे वजन ९१० ग्रॅम, आजचे ८४२. रोग कोणता हे ठरविणे माझे काम नव्हते. ठरविणाऱ्याला जे जे विचारावेसे वाटेल ते ते कागदावर असावे, एवढीच माझी हद्द. आणि ती हद्द पाळणे मला पेज भरविण्याहून कठीण गेले, कारण पदवीधर माणसाला निदान केल्यावाचून झोप येत नाही.

दोन वाजता १४०. बाहेर पाऊस कोसळत होता. मी मधेच मूळ खोलीत जाऊन सत्तावीसच्या पिंजऱ्यापाशी, ती ज्या कोपऱ्यात बसली होती तिथे काही सांडले-लवंडले आहे का ते पाहावे म्हणून, कंदिलासह गुडघ्यांवर बसलो. तो पिंजरा सर्वांत खालच्या फळीवर होता. डोके फळीच्या पातळीला येताच डोळ्यांत पाणी आले आणि घशाशी झणका बसला. नवसागराचा तो उग्र दर्प उभ्याने मला कधीच जाणवला नव्हता! पावसाची झड आत येते म्हणून आम्ही पंधरवडाभर खिडक्या लावून घेतल्या होत्या, दमट भुसा रोजऐवजी दिवसाआड बदलला जात होता, आणि मुतापासून सुटणारी ती तीक्ष्ण वाफ खालच्या फळ्यांवर कोंडून राहत होती. दिवसातून दोनदा फेरी मारून मी 'हवा समाधानकारक' अशी सही करीत होतो. आणि ती सही साडेपाच फुटांवरच्या हवेची होती, त्यांचा सगळा संसार जमिनीपासून चार बोटांवर. मी उठून खिडक्या उघडल्या. कागदावर लिहिले: "खालच्या फळीवर दर्प. खिडक्या बंद, दिवस १५. जबाबदार: मी." हे तिसरे वाक्य खोडावे की ठेवावे, यावर मी थोडा वेळ घालविला. ठेवले.

त्याच कागदावर, निव्वळ रकाना भरायचा म्हणून, "खोलीतील इतर जनावरे" यासमोर मी "ससे १४" असे टिपले. सशांच्या खोलीचे छप्पर गळत असल्यामुळे सहा आठवड्यांपूर्वी त्यांना तात्पुरते इकडे आणले होते. तात्पुरते म्हणजे काय हे सरकारी नोकरीत राहिलेल्यांना सांगायला नको.

साडेतीनच्या सुमारास मला डुलकी लागली असावी. जाग आली ती कुरकुर अशा आवाजाने. जमादारांनी रात्री आठलाच नाक्यावरून कोथिंबिरीची एक जुडी आणली होती, आषाढातल्या भावाने आणि स्वतःच्या पैशाने. ती पुसून कोरडी करून जाळीच्या दोन्ही बाजूंना ठेवली होती. जाळीपलीकडची मादी काड्या चावीत होती, मोठ्या चवीने, निर्लज्जपणे म्हणावे इतक्या चवीने. आणि अलीकडे, खोक्याच्या दारातून फक्त नाक बाहेर काढून, सत्तावीस एक काडी धरून होती. चावत नव्हती, नुसती धरून होती. मी श्वास रोखला. मग तिने ती एका बाजूने कुरतडली, थांबली, दहाबारा श्वास घेतले, पुन्हा कुरतडली. ती एक काडी संपायला तिला अकरा मिनिटे लागली, आणि ती मी टिपली आहेत. जमादार भिंतीला टेकून जागेच होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

पाचला १२०. सातला ११६.

सकाळी टॅक्सीने गेलो. टोपलीवर ओलसर नव्हे तर कोरडे फडके, मांडीवर धक्का लागू नये म्हणून दोन्ही हातांचा आधार, आणि जाळीपलीकडची मादीही सोबत. (त्या टॅक्सीभाड्याचे बिल पुढे दोन वेळा परत आले, जनावराची पुस्तकी किंमत भाड्याहून कमी असता हा खर्च कोणत्या कारणे केला, असा हिशेबनिसांचा पृच्छाशेरा त्यावर होता. प्रश्न बिनतोड होता. मी ते पैसे भरले.) पशुवैद्यांनी जनावराला हात लावण्याआधी माझा कागद मागितला. तो त्यांनी उभ्याउभ्याच वरपासून खालपर्यंत वाचला, आकड्यांवरून बोट फिरविले, 'जबाबदार: मी' यापाशी किंचित थबकले आणि काही बोलले नाहीत, आणि अगदी तळाशी आल्यावर, चष्मा कपाळावर सारून, एकच प्रश्न विचारला: "ससे अजून तिथेच आहेत?"

बोर्डेटेला नावाचा एक जंतू आहे. तो सशांच्या आणि कुत्र्यांच्या नाकाघशात वर्षानुवर्षे, त्यांना फारशी इजा न करता, भाडेकरूसारखा राहतो. आणि तोच गिनीपिगाच्या छातीत शिरला, की तिथे न्युमोनिया उत्पन्न करतो. पशुवैद्यांनी नाकातला स्राव काडीवर घेतला, आणि काही दिवसांनी कल्चरमध्ये तो जंतू उगवला. पण ससे मात्र त्यांच्या सांगण्यावरून त्याच दुपारी हलले, गळक्या खोलीत का होईना. ज्या छपराच्या दुरुस्तीची दरखास्त सहा आठवडे फिरत होती ते चार दिवसांत दुरुस्त झाले. सत्तावीसला आणि त्या रांगेला सल्फा-गटातले औषध, हिरवा चारा, मोड आलेले हरभरे. त्यानंतर त्या रांगेतले आणखी तीन दगावले, मग थांबले. तिने तिसऱ्या दिवशी दोन मेलेली पिल्ले टाकली. ती स्वतः वाचली.

आता मी पुण्यात राहतो आणि आमच्या इमारतीतल्या मुलांना मी 'गिनीपिगवाले आजोबा' म्हणून ठाऊक आहे, कारण हा प्राणी आता हौसेने घरोघर पाळतात आणि त्यांच्यापैकी कोणाला तरी रविवारी रात्रीच धाप लागते. दोन वर्षांपूर्वी तळमजल्यावरची एक मुलगी खोके उराशी धरून वर आली. तिच्या आईने त्या प्राण्याच्या छातीला मलम चोळले होते, त्याला लोकरीच्या टोपीत गच्च गुंडाळले होते आणि तो झोपावा म्हणून उताणा धरला होता. प्रत्येक कृतीत निखळ माया होती, आणि प्रत्येक उलटी होती. मी त्याला सोडविला, मलम पुसले, कोरड्या फडक्यावर टेकवून बसविला, मुलीच्या हाती वही आणि घड्याळ दिले आणि म्हणालो, मोज. आता पशुवैद्यांकडे प्राणवायूची पेटी असते, औषधाची वाफ देणारे यंत्र असते, क्ष-किरण असतात. त्या रात्रीच्या कितीतरी पलीकडे ते शास्त्र गेले आहे. पण सकाळी त्या डॉक्टरीणबाईंनीही आधी वहीच मागितली, असे ती मुलगी मोठ्या अभिमानाने सांगत आली.

सत्तावीसचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. बऱ्या झालेल्या जनावराच्या नाकात तो जंतू दडून राहू शकतो, म्हणून तिला पैदाशीच्या कळपात परत घेता येईना. छाती एकदा बाधित झाल्यामुळे ती प्रयोगालाही अपात्र. नियमाप्रमाणे ती निकालात काढायला हवी होती, आणि तसा कागद माझ्या टेबलावर आलाही. परंतु तज्ज्ञांसमोर हजर करण्याचा हुकूम कोणी लेखी मागे घेतला नव्हता, ही त्रुटी जमादारांनी माझ्या निदर्शनास आणली. मागच्या खोलीत, जाळीपलीकडच्या त्या खादाड मादीसोबत, तिचा मुक्काम राहिला. नोंदवहीत चार रकाने होते: पैदास, प्रयोग, मृत, निकालात. दर महिनाअखेर मी बेरीज करी तेव्हा दोन जनावरे कोणत्याच रकान्यात बसत नसत. म्हणून पाचव्या, शेऱ्याच्या रकान्यात मी त्यांच्यासमोर 'हजर' असे लिहीत गेलो. असे सव्वीस महिने चालले. मधल्या काळात लेखापरीक्षक दोन वेळा येऊन गेले. दोन्ही वेळा त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवले, वर पाहिले, आणि तांबड्या शाईने बरोबरची खूण करून पान उलटले.